पत पत्त्याची की नावाची? : अनेक डोमेनांच्या ई-मेलसाठी स्वतंत्र आयपी पत्ते या उपायाची चिकित्सा

प्रास्ताविक

एकाच शिक्षणसंस्थेच्या छत्राखाली वरिष्ठ महाविद्यालय, विधी महाविद्यालय, अध्यापक महाविद्यालय, तंत्रनिकेतन अशा अनेक शाखा चालवण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. संगणकयुगात या परंपरेला एक नवे रूप प्राप्त झाले. प्रत्येक शाखेचे डोमेन-नाव स्वतंत्र असते. मात्र सर्वांचा ई-मेल वाहून नेणारा सर्व्हर पुष्कळदा एकच असतो व तो संस्थेच्या मध्यवर्ती इमारतीतील एखाद्या खोलीत ठेवलेला असतो. खर्च आणि मनुष्यबळ यांचा विचार करता ही रचना समंजसपणाचीच म्हणावी लागेल. तिच्यातील धोका एरवी जाणवत नाही. परंतु अध्यापक महाविद्यालयातील एखादी व्यक्ती फसव्या संदेशाला भुलून आपला पासवर्ड परक्याच्या हाती देते, रात्रभरात तिच्या खात्यातून काही हजार जाहिराती बाहेर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी विधी महाविद्यालयाने पाठवलेले प्रवेशाचे पत्र विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही, असा प्रसंग कल्पनेने उभा करणे आज कोणत्याही प्राध्यापकाला अवघड जाणार नाही. पत्र पाठवणाऱ्याचा दोष नाही, पत्राचा दोष नाही. तरीही प्रवेशाची मुदत टळून जाते.

अशा प्रसंगानंतर सुचवला जाणारा उपाय बहुधा ठरलेला असतो : प्रत्येक डोमेनला त्याचा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता द्यावा आणि ज्या डोमेनचे पत्र त्याच पत्त्यावरून बाहेर पाठवावे, म्हणजे एकाचे बालंट दुसऱ्यावर येणार नाही. प्रस्तुत लेखात या उपायाची चिकित्सा करावयाची आहे. तो अमलात कसा आणतात हे पाहणे त्यासाठी आवश्यक आहेच. परंतु पाठवणाऱ्याची पत त्याच्या पत्त्याला चिकटलेली असते, हे जे गृहीतक या उपायाच्या मुळाशी आहे, ते कोठून आले आणि कितपत टिकते, हा येथे मुख्य प्रश्न आहे. लेखकाचे मत प्रारंभीच सांगायचे तर, हा उपाय ज्या विभाजनाचे आश्वासन देतो त्यापैकी फार थोडे प्रत्यक्षात देतो, आणि लहान संस्थेच्या बाबतीत तर काही वेळा उलटा परिणाम करतो.

मूळ संहिता आणि तिच्यातील मोकळी जागा

ई-मेलच्या वहनाचे नियम ज्या दस्तऐवजाने घालून दिले तो आरएफसी ८२१ हा होय. जोनाथन पोस्टेल यांनी तो ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केला. संहिता म्हणून तो आजही वाचण्यासारखा आहे. त्यात दोन यंत्रांचा संवाद जवळजवळ नाट्यसंवादासारखा मांडलेला आहे : एक यंत्र ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते, मग पत्र कोणाकडून हे सांगते, मग कोणासाठी हे सांगते, आणि शेवटी मजकूर देते. पलीकडचे यंत्र प्रत्येक वाक्याला तीन अंकी आकड्याने होकार वा नकार देते. या संवादात पाठवणारा जे जे सांगतो ते सारे त्याच्या शब्दावर मान्य करायचे असते. नाव खरे आहे काय, हे तपासण्याची कोणतीही सोय मूळ संहितेत नाही. त्या काळचे जाळे मोजक्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे या विश्वासाचे नवल वाटत नाही.

पुढे ऑक्टोबर १९८९ मधील आरएफसी ११२३ या दस्तऐवजाने या प्रश्नाला स्पष्टपणे हात घातला. पत्र घेणाऱ्या यंत्राने ‘हेलो’मधील नाव आणि समोरच्याचा आयपी पत्ता जुळतात का हे हवे तर पडताळावे, मात्र ते जुळले नाहीत एवढ्या कारणाने पत्र नाकारू नये, असा दंडक त्यात आहे. हाच दंडक २००१ च्या आरएफसी २८२१ मध्ये व २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही सारतः कायम राहिला. म्हणजे ज्या काळात ई-मेलचे जग जाहिरातखोरांनी पुरते भरून गेले होते, त्या काळातही संहिता मात्र ‘पडताळा, पण नाकारू नका’ असेच सांगत होती. व्यवहारात नेमके उलट घडत होते. नाव आणि पत्ता जुळत नसेल तर दारातूनच परत पाठवणारे सर्व्हर सर्वत्र दिसू लागले होते. धर्मशास्त्रातील वचन एक आणि गावचा रिवाज दुसरा, असा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. परंतु यंत्रांच्या जगात तो इतक्या उघडपणे चालावा ही गोष्ट टीकाकाराने नोंदवण्याजोगी आहे.

रिवाज असा का बनला, याचे उत्तर सोपे आहे. संवादातील प्रत्येक गोष्ट खोटी सांगता येते, एक सोडून. ती एक म्हणजे आयपी पत्ता. टीसीपी पद्धतीच्या जोडणीत दोन्ही बाजूंना एकमेकांची उत्तरे मिळावी लागतात. पत्ता खोटा असेल तर उत्तर भलतीकडेच जाईल आणि संवाद पुढे सरकणार नाही. तेव्हा खोट्या नावांच्या गर्दीत पत्र घेणाऱ्याच्या हाती लागलेली ती एकमेव खरी खूण होती. तिला त्याने घट्ट धरले यात गैर काही नव्हते. गैर सुरू झाले ते पुढच्या पायरीवर. ‘हे पत्र या पत्त्यावरून आले’ हे विधान खरे असते. ‘म्हणून या पत्त्यावरून येणारा प्रत्येक जण तसाच’ हे अनुमान असते. विधानाकडून अनुमानाकडे झालेली ही उडी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

काळ्या यादीचे तर्कशास्त्र

या अनुमानाला संस्थात्मक रूप दिले ते काळ्या याद्यांनी. पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये अशी पहिली महत्त्वाची यादी अस्तित्वात आली. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या स्पॅमहाउसच्या याद्या पुढे जगभर वापरल्या जाऊ लागल्या. यादी तपासण्याची युक्ती मोठी चतुर आहे. १९२.०.२.२५ या पत्त्याची चौकशी करायची असेल तर त्यातील चार आकडे उलट क्रमाने, म्हणजे २५.२.०.१९२ असे लिहून त्यापुढे यादीचे डोमेन-नाव जोडतात आणि डीएनएसला विचारतात. उत्तरादाखल १२७ ने सुरू होणारा विशिष्ट पत्ता आला तर विचारलेला पत्ता यादीत आहे; असे नाव नाहीच असे उत्तर आले तर तो यादीत नाही. नावांवरून पत्ते शोधून देणारी यंत्रणा येथे पत्त्यांचे चारित्र्य सांगण्याच्या कामी जुंपली गेली.

या याद्यांनी केलेले काम मोलाचे आहे आणि ते नाकारण्याचा हेतू नाही. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील मॅकोलो या कंपनीची जोडणी तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तोडली, तेव्हा जगातील जाहिरातखोर ई-मेलचे प्रमाण एका दिवसात निम्म्याहून खाली आले होते. वाईट पत्ते खरोखरच एका जागी साठलेले असू शकतात, याचा याहून ठळक पुरावा मिळणार नाही. परंतु जे मॅकोलोच्या बाबतीत खरे, ते पाच महाविद्यालयांच्या सामाईक सर्व्हरच्या बाबतीत खरे ठरत नाही. तेथे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे ग्रामीण निरीक्षणच शास्त्र म्हणून लागू केले जाते. फरक इतकाच की पवळ्याला गुणही लागलेला नसतो, केवळ दावण एक असते.

यादी करणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा प्रश्नही येथे येतो. ई-थ्री-सिक्स्टी या अमेरिकी कंपनीने आपल्याला यादीत घातल्याबद्दल स्पॅमहाउसवर दावा लावला. स्पॅमहाउसने बाजू मांडणे थांबवल्यामुळे २००६ मध्ये इलिनॉय येथील न्यायालयाने कंपनीला १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरवर आली. आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती केवळ ३ डॉलर ठरवली. त्या दाव्यातील कंपनीविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. मात्र तिच्याजागी एखादे निर्दोष महाविद्यालय असते तर त्याने आपले नुकसान कसे सिद्ध केले असते, या प्रश्नाचे उत्तर या निकालातून मिळत नाही. न पोहोचलेल्या प्रवेशपत्राची किंमत कोणत्या कोष्टकात बसवायची?

उपायाची रचना आणि तिच्यातील गळती

आता मूळ उपायाकडे वळू. प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक डोमेनांचा ई-मेल स्वीकारण्यासाठी अनेक पत्ते लागतात, ही समजूत संकेतस्थळांच्या क्षेत्रातून आलेली असावी. तेथे एके काळी ती खरी होती. जानेवारी १९९७ मधील एचटीटीपी १.१ या आवृत्तीने प्रत्येक मागणीत संकेतस्थळाचे नाव सांगणे अनिवार्य केले, त्याआधी एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळे ठेवणे कठीण होते. ई-मेलला ही अडचण कधीच नव्हती. प्राप्तकर्त्याचा डोमेनसह संपूर्ण पत्ता १९८२ पासूनच संवादाचा भाग आहे, आणि जानेवारी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ ने एमएक्स नोंदीची पद्धत आणल्यावर कितीही डोमेनांचा ई-मेल एकाच यंत्राकडे वळवणे सुलभ झाले. तेव्हा प्रश्न आहे तो केवळ बाहेर जाणाऱ्या पत्रांचा.

बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी ही विभागणी करणे तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड नाही. वीत्से व्हेनेमा यांनी घडवलेल्या पोस्टफिक्स या प्रचलित सर्व्हरमध्ये २०१० पासून, म्हणजे २.७ या आवृत्तीपासून, प्रेषकाच्या पत्त्यानुसार वहनमार्ग ठरवणारी सारणी उपलब्ध आहे. प्रत्येक मार्गाला त्याचा बाहेर पडण्याचा पत्ता आणि ‘हेलो’मध्ये सांगायचे नाव नेमून देता येते. एक्झिम या केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या सर्व्हरमध्येही अशी सोय आहे. अवघड आहे ते या साऱ्याचा मेळ राखणे. बाहेर पडण्याचा पत्ता, ‘हेलो’तील नाव, त्या नावावरून पत्ता सांगणारी नोंद, पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद आणि डोमेनची एसपीएफ नोंद या पाचांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. यांपैकी उलट नोंद महाविद्यालयाच्या हाती नसते. पत्ता ज्याच्या मालकीचा त्या सेवादात्याकडे ती असते आणि तिच्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. शिवाय सर्व्हर फायरवॉलच्या आत खासगी पत्त्यांवर असेल, तर आत पाच पत्ते नेमूनही फायरवॉल सर्वांना एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर काढू शकते. प्रत्येक खासगी पत्त्याला त्याचा सार्वजनिक पत्ता फायरवॉलवर एकास एक असा जोडून दिला नाही, तर सर्व्हरवरील सारी व्यवस्था कागदोपत्री राहते. हा दोष सर्व्हरच्या नोंदवहीत दिसतही नाही. बाहेरच्या खात्यावर पत्र पाठवून त्याचे शीर्षलेख वाचावे लागतात.

ही मेहनत पूर्ण झाली असे समजू. तरीही गळती राहते. पत्र पोहोचवता आले नाही तर सर्व्हर प्रेषकाला जे परतपत्र धाडतो, त्याच्या लिफाफ्यावर प्रेषकाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो, अन्यथा दोन सर्व्हर एकमेकांना अनंतकाळ परतपत्रे पाठवत बसतील. रिकाम्या रकान्याला डोमेन नसते. डोमेनानुसार मार्ग ठरवणारी सारणी या पत्रांना वेगवेगळी करू शकत नाही. सर्व महाविद्यालयांची परतपत्रे एकाच मार्गाने बाहेर पडतात. तीच गोष्ट पुढे धाडलेल्या पत्रांची. एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने आपला महाविद्यालयीन ई-मेल खासगी खात्याकडे वळवून ठेवला असेल, तर त्याला आलेली प्रत्येक जाहिरातदेखील महाविद्यालयाच्या सर्व्हरवरूनच पुढे जाते, आणि तिच्या लिफाफ्यावर तिऱ्हाइताचे नाव असल्याने ती बहुधा सामाईक मार्ग धरते. ज्या पत्रांनी पत सर्वाधिक खालावते ती हीच दोन प्रकारची पत्रे. आणि नेमकी तीच विभागणीच्या बाहेर राहतात. जाणकार प्रशासक यांचीही वेगळी सोय लावू शकतो, पण ती लावायची असते हेच मुळात ध्यानात यावे लागते.

याहून गंभीर आक्षेप पुढेच आहे. ही सारणी ज्या नावावरून मार्ग ठरवते ते नाव कोण सांगतो? पाठवणाराच सांगतो. अध्यापक महाविद्यालयातील खाते ज्याच्या हाती गेले, तो लिफाफ्यावर विधी महाविद्यालयाचे नाव लिहू शकतो. ज्याने पासवर्ड दिला तो कोण आणि लिफाफ्यावर नाव कोणाचे, हे सर्व्हरने पडताळून पाहिले नाही, तर चोर आपल्याला हव्या त्या दाराने बाहेर पडतो आणि डाग विधी महाविद्यालयाच्या स्वतंत्र पत्त्यावर बसतो. पोस्टफिक्समध्ये ही पडताळणी करता येते. मात्र ती आपोआप होत नाही, कोणत्या खात्याला कोणते नाव वापरण्याची मुभा आहे याची यादी तयार करून ती मुद्दाम चालू करावी लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून भिंत बांधावी, आणि संन्याशाच्या दाराची किल्ली चोराच्या हाती राहावी, असे होते. पाच पत्ते विकत घेण्यापूर्वी ही एक तपासणी चालू केली तर मूळ प्रसंगाचे बरेचसे निवारण होते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

पत निर्माण होण्याची अट

आतापावेतो उपायाच्या आतल्या उणिवा पाहिल्या. तो बाहेरून, म्हणजे पत्र घेणाऱ्याच्या नजरेने कसा दिसतो, हेही पाहिले पाहिजे.

स्वतंत्र पत्त्यांची पद्धत वाढली ती मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठवणाऱ्या व्यावसायिक सेवांमध्ये. तेथे एकेका ग्राहकाची रोजची पत्रसंख्या मोठी असते. त्या संख्येच्या आधारे पत्र घेणारा त्या पत्त्याविषयी मत बनवू शकतो, आणि म्हणून ग्राहकाला त्याचा स्वतंत्र पत्ता देण्यात अर्थ असतो. नव्या पत्त्यावरून आधी थोडी, मग हळूहळू जास्त पत्रे पाठवून ओळख वाढवण्याची रीतही तेथलीच. दिवसाकाठी शे-दीडशे पत्रे पाठवणाऱ्या महाविद्यालयाला हा न्याय लावला की काय होते? पाच महाविद्यालयांची मिळून जी थोडीफार ओळख एका पत्त्यापाशी जमली होती, ती पाच ठिकाणी विखुरते, आणि पाचही पत्ते पत्र घेणाऱ्याला अनोळखी वाटू लागतात. पत वाढायलाही व्यवहार लागतो. वर्षातून एकदाच व्यवहार करणाऱ्या खातेदाराकडे पतपेढी कोणत्या नजरेने पाहते हे सांगायला नको. महाविद्यालयाचे वेळापत्रक तर असे की अकरा महिने शांतता आणि जून-जुलैत प्रवेशाच्या पत्रांचा पूर. अनोळखी पत्त्यावरून अचानक आलेला पूर हे जाहिरातखोराचेच लक्षण मानले जाते.

दुसरे असे की सेवादाता देतो ते पाच पत्ते सहसा एका ओळीतले, एकाला लागून एक असतात. पत्र घेणारे अनेकदा सुटा पत्ता न पाहता त्याच्या आसपासचा संपूर्ण गट पाहतात; काही याद्याही तक्रारी वाढल्यास गटाच्या गट नोंदवतात. घरांना निरनिराळे क्रमांक दिल्याने आळी बदलत नाही. त्यातून जाहिरातखोरांचीच एक जुनी युक्ती अशी आहे की थोडी थोडी पत्रे पुष्कळ पत्त्यांवरून पाठवायची, म्हणजे कोणत्याच पत्त्यावर भार दिसत नाही. पायांखाली रुंद पाट्या बांधून भुसभुशीत बर्फावर न रुतता चालणाऱ्यांवरून या युक्तीला इंग्रजीत नाव मिळाले, आणि स्पॅमहाउसने ती ओळखण्यासाठी वेगळी यादी चालवली. आपल्या निर्दोष संस्थेने सद्हेतूने केलेली मांडणी बाहेरून या युक्तीसारखी दिसू शकते, ही या उपायाची मोठीच विसंगती होय.

पत्त्यांच्या टंचाईचा मुद्दा यापुढे गौण वाटतो, पण तो वगळता येत नाही. आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक या संस्थेकडील आयपी आवृत्ती ४ चा साठा १५ एप्रिल २०११ रोजी अखेरच्या राखीव गटापर्यंत आला, आणि तेव्हापासून नव्या वाटपावर कडक मर्यादा आहेत. जी वस्तू दुर्मीळ तिचे भाडे चढे. प्रयोगशाळेच्या खर्चातून काढलेले पैसे अशा पत्त्यांवर घालण्यापूर्वी त्यातून काय मिळते याचा हिशेब मागण्याचा अधिकार प्राध्यापकवर्गाला आहे.

नावाकडे

गेल्या दोन दशकांत संहितेचा प्रवास पत्त्याकडून नावाकडे झालेला दिसतो. २००६ च्या आरएफसी ४४०८ मध्ये मांडलेली व २०१४ च्या आरएफसी ७२०८ मध्ये पक्की झालेली एसपीएफ पद्धत ही मधली पायरी : डोमेनचा मालक आपल्या वतीने पत्रे पाठवू शकणाऱ्या पत्त्यांची यादी स्वतः प्रसिद्ध करतो. येथे पत्ता आहेच, पण तो नावाच्या आज्ञेत आहे. २००७ मध्ये आलेली डीकेआयएम पद्धत आणखी पुढे जाते. ती पत्रावर डोमेनच्या नावाची गणिती स्वाक्षरी करते. ही स्वाक्षरी पत्र कोणत्या पत्त्यावरून आले याची पर्वा करत नाही. वाटेत मजकुरात फेरफार झाला नाही, तर पुढे धाडलेल्या पत्रावरही ती शाबूत राहते. मार्च २०१५ मधील आरएफसी ७४८९ ने डीमार्कची भर घातली. वाचकाला पत्रावर जे प्रेषकाचे नाव प्रत्यक्ष दिसते, त्याच्याशी स्वाक्षरीतील वा लिफाफ्यावरील नाव जुळते का, हे ती पाहते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपण चर्चा करत असलेली मार्गांची सारणी लिफाफ्यावरील नाव पाहते, आणि ते वाचकाच्या नजरेस सहसा पडतही नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी यातील बऱ्याच गोष्टी अनिवार्य केल्या. जीमेलच्या खात्यांकडे दिवसाला सुमारे ५,००० वा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही लागू झाली. लहान प्रेषकांनाही पहिल्या दोहोंपैकी एक आणि पत्त्याची उलट नोंद आवश्यक ठरली. ५,००० ची मोजणी गूगल मुख्य डोमेनच्या नावाने करते. पत्ते किती वापरले याने त्या मोजणीत फरक पडत नाही. स्वतंत्र पत्त्यांचे समर्थन करणाऱ्यांनी या एका तपशिलाचा शांतपणे विचार करावा, असे सुचवावेसे वाटते.

पत्त्याची पत संपुष्टात आली, असा याचा अर्थ नव्हे. उलट नोंदीची अट शिल्लक आहे, काळ्या याद्याही चालू आहेत. नावाच्या राज्यातही नवे अन्याय संभवतात. ज्या दस्तऐवजांच्या नावातच अभिप्रायाची विनंती आहे त्यांची जागा आता मोजक्या कंपन्यांच्या नियमपत्रकांनी घेतली आहे, आणि त्यांवर अभिप्राय देण्याची सोय लहान महाविद्यालयाला नाही. ‘नाकारू नका’ म्हणणारी १९८९ ची संहिता भाबडी असेल, परंतु निर्दोष प्रेषकाचे पत्र पोहोचले पाहिजे ही काळजी तिच्यात होती. ती काळजी नव्या नियमपत्रकांत शोधून सापडत नाही.

स्वतंत्र पत्त्याला जागा नाहीच का? आहे, पण डोमेनागणिक नव्हे. प्राचार्यांनी विद्यापीठाला लिहिलेले पत्र आणि प्रवेशविभागाने दहा हजार इच्छुकांना धाडलेले परिपत्रक यांची जात वेगळी आहे, मग दोन्ही एकाच डोमेनची का असेनात. पहिल्याला उत्तराची अपेक्षा असते. दुसऱ्याला तक्रारींची भीती असते. परिपत्रकांसाठी वेगळे उपडोमेन आणि हवा तर वेगळा पत्ता ठेवला, तर एका वेळापत्रकातील पूर दुसऱ्याला बुडवत नाही. त्याचप्रमाणे विद्यार्थ्यांची खाती, जी संख्येने मोठी आणि फसवणुकीला अधिक बळी पडणारी असतात, त्यांचा मार्ग कर्मचाऱ्यांहून वेगळा ठेवण्यास सबळ कारण आहे. ही विभागणी धोक्याच्या प्रकारानुसार होते. डोमेनानुसार केलेली विभागणी संस्थेच्या फलकावरील नावांनुसार होते, आणि धोका फलक वाचून येत नाही.

शेवटचा मुद्दा तक्रार कोणाकडे जाते याचा आहे. पत्त्याविरुद्धची तक्रार पत्त्याच्या नोंदणीकृत मालकाकडे, म्हणजे सेवादात्याकडे जाते. तेथून ती महाविद्यालयापर्यंत झिरपेलच असे नाही. नावाविरुद्धची तक्रार नावाच्या मालकाकडे येऊ शकते. प्रत्येक डोमेनला ‘पोस्टमास्टर’ या नावाची पेटी असलीच पाहिजे, हा नियम १९८२ पासून आजतागायत चालत आला आहे, आणि डीमार्कच्या नोंदीत पत्ता दिला तर आपल्या नावाने कोठून किती पत्रे निघाली व त्यांतील किती पडताळणीत उतरली, याचा अहवाल मोठे प्राप्तकर्ते साधारणपणे रोज पाठवतात. हे अहवाल प्रथमच उघडून पाहिले तर ज्यांचे अस्तित्वही कार्यालय विसरले आहे अशी यंत्रे त्यांत सापडू शकतात : ग्रंथालयातील जुना संगणक, कधीकाळी बसवलेला संकेतस्थळावरील चौकशीचा अर्ज, शुल्कभरणा करणाऱ्या कंत्राटदाराचा सर्व्हर. यांपैकी कोणाची पत्रे कोणत्या डोमेनच्या नावाने जातात हे कळल्यावाचून पत्त्यांची वाटणी कशाच्या आधारे करणार, हे संस्थेच्या संगणक समितीने आयपी पत्त्यांच्या मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे, आणि पोस्टमास्टरच्या पेटीतील पत्रे सध्या कोण वाचतो हेही त्याच बैठकीत विचारावे.